नाही म्हणायची सोय

मॅडम, आधी माफी मागतो. तुमच्याबद्दल लिहिण्याचा हक्क माझा नाही. तुमच्या वर्गात मी एक दिवसही बसलो नाही, तुम्ही माझ्या मार्गदर्शकही नव्हता. आपला संबंध एवढाच, की तुम्ही कॉलेजच्या एथिक्स कमिटीच्या सचिव होतात आणि माझा अर्ज पुन्हा पुन्हा परत पाठवत होतात. विभागाच्या अंकासाठी मॅडमबद्दल कोणाला लिहायचंय, असं सरांनी विचारलं तेव्हा ज्यांचे हात वर व्हायला हवे होते त्यांचे झालेच. त्यात माझाही झाला. का झाला, ते मला अजून नीट कळलेलं नाही.

दुसरी अडचण तुमच्या संमतीची. तुम्ही असतात तर पहिला प्रश्न हाच विचारला असतात, की जिच्याबद्दल लिहितोयस तिला विचारलंस का? आता विचारता येत नाही. गेलेल्या माणसाची संमती कशी घ्यायची, हे कमिटीच्या नियमांत कुठे दिलंय का, ते मी खरंच शोधलं. मला तरी सापडलं नाही. मग माझा मीच नियम केला. तुमचं नाव लिहायचं नाही. तुमच्या आजाराबद्दल आणि घरच्यांबद्दल लिहायचं नाही. जे माझ्यासमोर बोललात, माझ्याशी बोललात, तेवढंच लिहायचं. तरी काही चुकलं तर तुम्ही हेही परत पाठवाल, असं आत कुठेतरी वाटतंच आहे.

पहिल्यांदा अर्ज परत आला तेव्हा मी तो बॅगेत तळाला घातला आणि दोन-तीन दिवस कोणाशी बोललो नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे कागद परत आला की मला कागद परत आल्यासारखं वाटत नाही, मीच परत आल्यासारखं वाटतं. माझ्या एम.ए.च्या प्रबंधाचा विषय होता: घरातला माणूस दारू पीत असेल तर त्या घरातली बाई मनातलं कोणाशी बोलते. गाव माझंच, बायका ओळखीच्या, भाषा घरची. यात परत पाठवण्यासारखं काय होतं ते कळेना. मानसशास्त्राच्या संशोधनात माणसांना साधे प्रश्न विचारायलासुद्धा कमिटीची परवानगी लागते, हेच मला उशिरा कळलं होतं. मला वाटायचं, रक्त काढायचं असेल किंवा गोळी द्यायची असेल तर परवानगी. आपण काय, नुसतं बोलणार.

तेच मी तुमच्या खोलीत येऊन म्हणालो. ‘मॅडम, मी तर नुसतं बोलणार आहे.’

तुम्ही चष्मा काढलात. ‘नुसतं? अरे, सुईचं भोक संध्याकाळपर्यंत बुजतं.’

मग अर्ज उघडून मोठ्यानं वाचलात. ठाणे-बेलापूर रस्त्यालगत, खाडीच्या अंगाला, अमक्या देवळाच्या मागची आळी, मासळी विकणाऱ्या बायका. ‘गावाचं नाव तेवढं लिहिलं नाहीस. पण एवढ्यावर रिक्षावाला दारात नेऊन सोडेल की रे. आणि दारात सोडल्यावर कोणाचा नवरा पितो, ते शेजारीण सांगेल.’

मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. तुम्ही चहा मागवलात. मी घेत नव्हतो, तर म्हणालात, ‘घे, अर्जाचा आणि चहाचा संबंध नाही.’ मला वाटलं होतं, तुम्ही माझं मराठी काढाल, कुठल्या शाळेतून आलास विचाराल. तुम्ही विचारलंत एवढंच, की ‘त्या बाईला तुला नाही म्हणायचं असेल, तर ती काय करेल?’

मी म्हटलं, ‘नाही म्हणेल. संमतीपत्रात तसं लिहिलंय. कधीही माघार घेता येईल.’

‘ते तू लिहिलंयस. ती काय करेल?’

मी संमतीपत्रातली ती ओळच पुन्हा वाचून दाखवली. तेव्हा तुमचा प्रश्न म्हणजे अर्ज अडवायची एक युक्ती आहे, असंच माझं मत झालं. म्हणून मी घरोघरी जाऊन आलो. प्रश्न कोणालाच विचारले नाहीत, तेवढं भान होतं. फक्त एवढंच विचारलं, की कॉलेजातून परवानगी मिळाली तर माझ्याशी बोलाल का? आणि विजयी वीरासारखा तुमच्याकडे परत आलो. मॅडम, सगळ्या हो म्हणाल्या. एकसुद्धा नकार नाही.

‘वा,’ तुम्ही म्हणालात. ‘आता मला एकेक घर सांग. गेलास, मग काय झालं?’

मी सांगत गेलो. एकीनं संमतीपत्र बघितलं आणि अंगठा कुठं देऊ विचारलं. मी म्हटलं, काकू, आधी ऐका तरी. ती म्हणाली, ‘जमीन गेली तवा पन असाच कागद व्हता बाला. तवा बी ऐकलाच व्हता आमी.’ नवी मुंबईसाठी आमच्या गावाची जमीन घेतली, तेव्हाचं ती सांगत होती. एकीनं सांगितलं, ‘तू आपला पोर, तुला काय लिवायचा तो लिव, मना कशाला इचारतंस?’ आणि आमच्या घराच्या मागची काकू, जिच्या अंगाखांद्यावर मी वाढलो, ती तर काही बोललीच नाही. मी विषय काढला तशी उठली. तांदळाची गरम भाकरी, बोंबलाचं कालवण, वर आणखी भात. ‘आधी जेव. सुकलायस निस्ता.’ मी विचारायला तोंड उघडलं की ताटात काहीतरी पडायचं. हे मी तुम्हाला कौतुकानं सांगत होतो. माझ्या टिपणात मी त्या घरापुढे ‘उत्तम सहकार्य’ असं लिहिलं होतं.

तुम्ही खूप हसलात. इतक्या, की बाजूच्या खोलीतले सर डोकावून गेले.

‘अरे, तिनं तुला नाही सांगितलं!’

‘नाही मॅडम, तिनं जेवायला वाढलं.’

‘तेच म्हणते मी. आमच्या साताऱ्याकडे स्थळ नको असलं की कोणी नको म्हणत नाही. पत्रिका जमत नाही म्हणतात. पत्रिका उघडलेलीसुद्धा नसते. समोरच्याचा मान राहतो, आपलंही काम होतं. तुमच्याकडे ताट वाढत असतील. प्रत्येक गावाची नाही म्हणायची एक सोय असते. ती तुला माहीत नसेल असं नाही. पण तू आज संशोधक म्हणून गेलास ना, म्हणून दिसली नाही.’

त्या दिवशी घरी जाताना मी बस सोडून चालत निघालो. लहानपणापासूनचे प्रसंग एकेक करून आठवत होते. वर्गणी मागायला आलेल्यांना काकूनं कसं जेवू घातलं होतं. सोयरिकीची बोलणी करायला आलेल्यांना आजी ‘आता सण होऊन जाऊ दे’ कशी म्हणायची, आणि ते पाहुणे सण झाल्यावर कसे परत यायचे नाहीत. हे सगळं मला ठाऊक होतं. माझ्याच गावात मी एक नवी गोष्ट शोधल्यासारखा हरखून गेलो होतो. अर्ज परत आल्याचं दुःख त्या रस्त्यावर कुठे गळून पडलं, कळलं नाही.

पण मॅडम, आपलं भांडण त्यानंतर झालं. आणि ते संपलं नाही.

मी अर्ज पुन्हा लिहिला. गावाच्या खुणा काढल्या. कागदावर सही घेण्याऐवजी तोंडी संमती घ्यायची, असं घातलं. तुम्ही वाचलात आणि कडेला पेन्सिलीनं एक लहानशी खूण केलीत. सहभागी कोण, या रकान्यापाशी.

‘यात तुझी आई आहे?’

‘नाही मॅडम. तिला वगळलंय.’

‘का?’

‘ती मला नाही म्हणणार नाही. मी विचारलं तर मनात नसलं तरी सांगेल.’

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. पेन्सिल खाली ठेवलीत. मला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा कान तापले.

‘मग बाकीच्यांना त्यांच्याच पोरानं विचारलं तर?’ तुम्ही हळूच म्हणालात. ‘ती एक म्हणाली ना, तू आपला पोर.’

(हा भाग लिहू का, असं मी आईला विचारलं. ती मासे साफ करत होती. ‘लिव,’ म्हणाली. आता या ‘लिव’चं काय करायचं, ते मला तुम्हालाच विचारायचं होतं.)

तेव्हा मात्र मी चिडलो. आजही वाटतं की सगळंच चुकीचं बोललो नव्हतो. मी म्हटलं, ‘मॅडम, तुम्ही प्रत्येक दार असं बंद करत गेलात तर आमच्या बायकांचं लिहिणार कोण? टॉवरमधल्या बायकांवर लिहिलेलं लायब्ररीत आहे. त्यांना फॉर्म भरता येतो, नको असेल तर नको म्हणता येतं, म्हणून त्यांच्यावर संशोधन होतं. आमच्या बायकांना नाही म्हणता येत नाही, म्हणून त्यांना कोणी विचारायचंच नाही? म्हणजे सांभाळून सांभाळून त्यांना गप्पच ठेवायचं?’

आवाज चढला होता. बाहेर कोणीतरी थांबलं होतं. तुम्ही मला पुरे म्हणाला नाहीत, शांत हो म्हणाला नाहीत. खिडकीकडे बघत होतात. मग म्हणालात, ‘याचं उत्तर माझ्याकडे नाही. मी विचार करते.’

एवढ्या मोठ्या बाईनं मला ‘माझ्याकडे उत्तर नाही’ म्हणावं, याची मला सवय नव्हती. भांडायला आलेला माणूस दार ढकलायला जातो आणि दार उघडंच असतं, तसं झालं.

मग मी एक आगाऊ प्रश्न विचारला. तुम्ही इतकी काळजी का घेता, याचं मला फार कुतूहल होतं. म्हटलं, ‘मॅडम, तुमच्या संशोधनात कधी असं कोणाचं काही झालं होतं का?’

तुम्ही टेबलाचा खण उघडलात, चिवड्याचा डबा काढलात आणि माझ्यापुढे सरकवलात. ‘घे. घरचा आहे.’

मी मूठ भरली, तोंडात टाकली, आणि अर्धा चावून झाल्यावर माझ्या लक्षात आलं. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही डोळे मिचकावलेत.

ते मी पुन्हा कधी विचारलं नाही. आता तर विचारायचं माणूसच नाही. मॅडम, परवा शोकसभेत तुमचे जुने विद्यार्थी बोलत होते तेव्हा मी प्रत्येकाच्या बोलण्यात तेच शोधत होतो. कोणीतरी सांगेल, की काय झालं होतं. कोणी सांगितलं नाही. मग वाटलं, सांगितलं असतं तर ते ऐकायची मला परवानगी होती का? तुम्ही तर डबा पुढे केला होतात.

तुमचं उत्तर आलं नाही, पण भांडण डोक्यात चालू राहिलं आणि त्यातून वाट निघाली. वाट माझी नाही, प्रणालीची. ती उरणची, माझ्याच वर्गात. तिला सगळं सांगितलं तर म्हणाली, ‘तू लोकांच्या दारात जातोयस ना, तिथंच घोळ आहे. दारात आलेल्याला कोण हाकलणार? तू जाऊच नको. त्यांना येऊ दे.’

‘आणि नाही आल्या तर?’

‘तर नाही आल्या. न येणं सगळ्यांना जमतं.’

मग असं ठरलं. गावात बालवाडीची खोली दुपारी मोकळी असते. दर बुधवारी प्रणाली तिथं बसेल. ती परकी, कोणाची पोर नाही, भाषा मात्र जवळची. बालवाडीच्या बाईंनी फक्त एवढं सांगायचं, की कॉलेजातली एक मुलगी अशा अशा विषयावर बोलायला बसते, ज्यांना यावंसं वाटेल त्यांनी यावं. बुधवारी दुपारी मी गावात थांबायचं नाही. किती जणी आल्या एवढं प्रणालीनं मला सांगायचं, पण कोण आलं, कोण नाही, ते मलाही सांगायचं नाही. माझ्या हातात येईल ते नाव-गाव काढूनच. आणि ऐकताना कोणाला त्रास झाला तर कोणाकडे न्यायचं, तेही आधी ठरवून ठेवायचं.

हा अर्ज तुम्ही घरून वाचलात. कमिटीच्या बैठकीला फोनवरून होतात, आवाज बारीक झाला होता. ‘थोड्या जणींपुरतं करून बघायला हरकत नाही,’ म्हणालात. आणि मग, सगळे ऐकत असताना, ‘सहभागी काही न सांगता निघून गेली तर चहाचा कप कोण उचलणार, तेवढं ठरवा. तिला वाटू नये की कप धुऊन जायला पाहिजे.’ बैठकीतल्या एका सरांना हे फारच बारीक वाटलं. मला त्या वाक्यानं रडू आलं, का ते माहीत नाही. आमच्या बायका कुठेही गेल्या तरी कप धुऊन ठेवतात, हे तुम्हाला कसं ठाऊक होतं?

पहिल्या बुधवारी कोणी आलं नाही. दुसऱ्याही नाही. मी तळमळत कोपरखैरण्याच्या लायब्ररीत बसून राहायचो. प्रबंधाची मुदत जवळ येत होती आणि हातात एक ओळ नव्हती. शेवटी धीर करून तुम्हाला फोन केला. वाटलं होतं तुमच्या घरचं कोणी घेईल, पण तुम्हीच घेतलात.

‘मॅडम, कोणी येत नाही.’

‘बरं.’

‘बरं काय मॅडम? माझंच खरं निघालं. दार बंद झालं. आता त्यांना कोणीच विचारत नाही.’

दम लागत होता तुम्हाला. ‘दार बंद आहे, की उघडं आहे आणि त्या लांबून बघतायत, हे कसं ओळखायचं रे?’ तुम्ही म्हणालात. ‘मला हे खरंच माहीत नाही. तुला कळलं की मला सांग.’

तुमचं माझ्याशी शेवटचं बोलणं ते. ‘सांग’ म्हणालात. एखाद्याला बरं वाटावं म्हणून म्हणतात तसं नाही, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं. मी आजवर शिक्षकांना उत्तरं सांगत आलो, ती त्यांना आधीच येत असायची. ज्याचं उत्तर शिक्षकांनाही हवंय, असा प्रश्न मला पहिल्यांदाच कोणी दिला.

तुम्ही गेल्याचं मला ग्रुपवर कळलं. नेरूळला तुमच्या सोसायटीच्या गेटपर्यंत आलो. वॉचमननं विचारलं, कोणाकडे? मी तुमचं नाव सांगितलं. ‘आप उनके कौन?’ विद्यार्थी म्हणावं तर तुमच्या वर्गात नव्हतो. मी म्हटलं, ‘मॅडमकडे माझा अर्ज आहे.’ त्यानं माझ्याकडे बघितलं आणि गेट उघडलं. वर आलो. गर्दी होती. लांबून नमस्कार केला आणि निघालो. तुमच्या घरच्या एका ताईंनी चहा पुढे केला, मी नको म्हटलं. त्यांनी आग्रह केला नाही. इतकं बरं वाटलं.

मॅडम, मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. अर्ज परत पाठवणाऱ्याचे आभार कसे मानायचे, तेच माहीत नव्हतं. आपल्या भांडणात मी अजूनही माझ्याच बाजूला आहे, हेही सांगायला हवं. ज्यांना कोणी काही विचारलेलंच नाही त्यांना विचारलं पाहिजे, असंच मला वाटतं. पण तुमचा प्रश्नही आता माझाच झालाय. घरी आईनं ताट वाढलं की मी आधी तिच्या चेहऱ्याकडे बघतो.

हे सगळं लिहून, अंकासाठी द्यायचं म्हणून मी कालच आवरतं घेत होतो. शेवट जमत नव्हता. काल बुधवार होता. संध्याकाळी प्रणालीचा फोन आला.

‘अरे, आज एक बाई आली.’

मी लायब्ररीतून धावत बाहेर आलो. ‘कोण?’

‘कोण म्हणजे? शहाण्या, तूच लिहिलंयस ना सांगायचं नाही म्हणून.’

‘बरं, बरं. बोलली?’

‘पुष्कळ बोलली. मधे एका प्रश्नाला थांबली. म्हणाली, ह्याचा मना नाय सांगायचा.’

‘मग?’

‘मग काय, सोडला तो प्रश्न. पुढचा घेतला.’

‘रागावली होती का गं? घाबरून म्हणाली?’

‘छे रे. वाढताना भात पुरे म्हणतात ना, तसं म्हणाली. हात आडवा करून.’

फोन कानाला तसाच धरून मी पायरीवर बसलो. प्रणालीला वाटलं फोन कट झाला. हॅलो हॅलो करत राहिली. मग म्हणाली, ‘ऐक ना, अजून एक आहे. जाताना दारात थांबली आणि विचारून गेली, पुढल्या बुधवारी तू हायेस ना? माझ्यासंगती अजून एकीला यायचा हाय.’